भारंभार गूळ

सबंध खानदेशात माझ्या धाकट्या दिरांइतकं मन लावून जेवणारा आणि त्यांच्याइतका उपाशी दिसणारा माणूस आजवर झाला नाही, पुढे होईल असंही वाटत नाही. हिवाळ्यात कुणाच्या मळ्यात भरिताचा बेत असला, की लोक भाऊजींना आवर्जून बोलवायचे. जेवायला नव्हे, बघायला. वांगी भाजून, मिरची-लसूण कुटून, वरून तेलाची धार सोडून घमेलंभर भरीत व्हायचं, कळण्याच्या भाकऱ्यांची चवड लागायची, आणि स्वतःला पैलवान म्हणवणारे गडी हात धुऊन मोकळे झाले तरी भाऊजी आपले शांतपणे कांद्याची पात मोडत बसलेले. एकदा एका मळेवाल्याला राहवलं नाही. "मास्तर, हे सगळं जातं कुठं हो?" भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "मलाही तेच विचारायचंय कुणाला तरी." घरी येऊन सदरा काढला की बरगड्या अशा दिसायच्या, की कुणीही त्यावर बोट ठेवत पाढे म्हणावेत.

मी साक्रीकडची. लग्न होऊन धुळ्याला देवपुरात आले, तेव्हा आमच्या ह्यांच्या दोन खोल्यांच्या संसारात भाऊजी आधीपासूनच मुक्कामाला होते. सासर सावद्याचं, केळीबागांचं. भाऊजी बी.एड. करायला म्हणून भावाकडे आले आणि इथल्याच एका शाळेत विज्ञानाचे मास्तर झाले. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'खडू' ठेवलं. भाऊजींनी ते घरी येऊन आपणच सांगितलं, वर म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे पोरांचं." माणूस असा सोन्यासारखा. पण त्यांच्या हाडांचा हिशेब सगळा माझ्या माथी! ताट मी वाढायची ना! नात्यातलं कुणीही घरी आलं, की आधी भाऊजींकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग माझ्या दंडांकडे. मी तेव्हा अंगानं बरी होते हो, त्यात माझा काय गुन्हा? दूध घालायला येणारी अक्का तर तोंडाची फटकळ. एकदा भाऊजी अंगणात बनियनवर उभे दिसले, तर चरवी खाली ठेवून म्हणाली, "आव माय, या पोऱ्याले खावाले देतस का नही तुम्ही? बठ्ठा हाडकाज शेतस!" सगळी गल्ली ऐकत होती. मी त्या दिवशी तिला चहासुद्धा विचारला नाही.

नुसतं बारीक असणं असतं तर निभावलंही असतं. पण भाऊजींच्या वजनाला एक नवस लटकलेला होता, आणि त्या नवसाला त्यांचं लग्न. त्याचं असं, की भाऊजी दुसरीत असताना त्यांना विषमज्वर झाला. पोर हाती लागत नाही असं सगळ्यांनी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी गावदेवीला पदर पसरला: पोर उठलं तर लग्नाआधी त्याला काट्यावर बसवीन आणि त्याच्या भारंभार गूळ गावाला वाटीन. पोर उठलं. भाऊजी दहावीत गेले तेव्हा सासूबाईंनी देवीच्या जत्रेला नवस फेडायचं ठरवलं. सावद्याकडे काटा म्हणजे केळी मोजायचा काटा. तीन बल्ल्या उभ्या करून त्याला मोठा तराजू टांगलेला, दोन्हीकडे फळ्यांची पारडी. एका पारड्यात भाऊजी बसले, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या पडू लागल्या. लोकांना वाटलं होतं बराच वेळ करमणूक होईल. पण चार भेल्या पडतात न पडतात तोच भाऊजींचं पारडं हलायला लागलं. तेवढ्यात गावातल्या एका चावट माणसानं थट्टेनं गुळाच्या बाजूला केळीचा एक घड ठेवून दिला, आणि भाऊजी जे वर गेले ते पाय लोंबकळत वरच राहिले. जत्रेतलं सगळं गाव पोट धरधरून हसलं. भाऊजींनी वरूनच उडी टाकली आणि केळीबागेतून पळाले ते दिवेलागणीला घरी आले. नवस अर्धा राहिला. अर्धा नवस देवी धरत नाही म्हणतात. गूळ परत घरात आला, आणि भाऊजींनी शपथ घेतली, की गावाचं तोंड बंद होईल एवढं वजन झाल्याशिवाय पुन्हा त्या काट्यावर बसणार नाही.

तेव्हापासून मायलेकांचा जो घोळ होता, तो ब्रह्मदेवाच्या बापाला सुटला नसता. सासूबाई म्हणायच्या, "देवीचं देणं राह्यलं म्हणून पोराच्या अंगाले लागत नाही. आधी नवस फेड." भाऊजी म्हणायचे, "आधी अंगाला लागू दे, मग नवस फेडतो." आणि नवस फिटल्याशिवाय अक्षता नाहीत, हे सासूबाईंचं पक्कं. भाऊजी चोवीस-पंचविसाचे झाले, त्यांच्या बरोबरीच्यांच्या घरात पाळणे हलायला लागले, तरी हे आपले काट्याला बिचकून. किराणा दुकानातला तराजू दिसला तरी रस्ता बदलायचे. रद्दी घ्यायला माणूस दारात आला की मागल्या दारानं बाहेर.

बरं, प्रयत्नात कसूर म्हणाल तर नाही. जो जे सांगेल ते भाऊजी आठ दिवस श्रद्धेनं करायचे. जळगावच्या एका मित्रानं कसल्याशा ताकदीच्या भुकटीचा डबा दिला. डब्यावर दंड फुगवलेला माणूस. विज्ञानाचे मास्तर ते, मला म्हणाले, "वहिनी, यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नाही, म्हणजे नक्की काहीतरी जोरदार असणार." होतंच जोरदार. चार दिवस भाऊजी न्हाणीघर आणि खाट यांच्यामधेच राहिले, आणि अंगावर जे काय चार तोळे मांस होतं तेही गेलं. डबा मी उचलून उकिरड्यावर टाकला, तर म्हणे, "अजून अर्धा होता!" मग त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी सावद्याहून हुकूम केला, की केळीवाल्याचं पोर केळी खात नाही, तर दुसरं काय होणार? हे मात्र खरं होतं. केळीच्या घरात केळं हा माल, तो खायचा नसतो असा त्यांच्याकडे सगळ्यांचाच समज. झालं, दर आठवड्याला ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर एक आख्खा घड देवपुरात उतरायला लागला. आढ्याला टांगायचा. आता घडाचं असं असतं, की पिकायला लागला की सगळा एकदम पिकतो. माणसाच्या भुकेची वाट बघत बसत नाही. भाऊजी नेटानं दिवसाला सहा-सात खात, उरलेली मी गल्लीत वाटे. पावसाळा संपेतो आमच्या गल्लीतली झाडून सगळी पोरं गुबगुबीत झाली. समोरच्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या दिरांमुळे माझ्या बंटीचं वजन वाढलं हो." मी हसून 'हो ना' म्हटलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

आणि कहर म्हणजे तो वैशाख. पारोळ्याकडचे लोक भाऊजींना बघायला यायचे होते. सासूबाईंचं म्हणणं, नवस फेडेलच पोरगा, मुलगी तरी बघून ठेवू. भाऊजींनी सकाळपासून दार लावून घेतलं होतं. बाहेर आले ते बघून मी कपाळाला हात लावला. आत तीन बनियन, त्यावर सदरा, त्यावर बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर! धुळ्याचा वैशाख, पांझरेच्या पात्रात दगड तापून भाकरी भाजावी असं ऊन, पंखा गरम वारा फेकतोय. मी म्हटलं, "भाऊजी, काढा ते." तर म्हणाले, "वहिनी, जरा भरलेला दिसतोय की नाही, तेवढं सांगा." दिसत होते हो, खोटं कशाला बोलू. पाहुणे आले. मुलीचे मामा मोठे चौकस. भाऊजींच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या, तोंड लाल झालं होतं, आणि मामांनी विचारलं, "मास्तर, स्वेटर?" भाऊजी म्हणाले, "मला जरा थंडी वाजते." मामांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाला हिवताप आहे आणि घरचे लपवताहेत, असं त्या लोकांनी पारोळ्याला जाऊन सांगितल्याचं नंतर कानावर आलं. त्या दिवशी संध्याकाळी भाऊजी गच्चीवर एकटेच बसले होते. मी चहा घेऊन गेले. मला म्हणाले, "वहिनी, माणूस बारीक आहे म्हणून कुणी हसलं तर हसू दे. पण मला ना, बसल्या जागी जागा भरल्यासारखं कधी वाटतच नाही." रोज टोमणे ऐकून ऐकून मी त्यांच्यावर करवादायची, पण त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून देवपुरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासायला दिलं, नाही नाही ते सगळं तपासून घेतलं आणि म्हणाले, रोग काहीही नाही, हाड बारीक आहे. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "हे दिवसभरात केव्हा केव्हा जेवतात?" मी तावातावानं भाकऱ्यांचे आकडे सांगायला लागले. डॉक्टर म्हणाले, "किती नाही विचारलं, केव्हा." भाऊजी जेवायला बसले की डोंगर फस्त करायचे हे खरं, पण बसायचे केव्हा? सकाळी नुसता चहा ढोसून शाळेत. दुपारी डबा उघडायचा राहूनच जायचा, कारण मधल्या सुट्टीत पोरांना प्रयोग दाखवायचे. उरलेला दिवस चहावर. आणि पायाला तर भिंगरी! कोथिंबीर आणायला पाठवावं तर पूल ओलांडून आग्रा रोडनं पार स्टेशनापर्यंत विचार करत चालत जायचे आणि कोथिंबीर न घेताच परत यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, "वेळेवर खा. थोडं थोडं, पण चारपाच वेळा. दूध, डाळी, शेंगदाणे, केळी, गूळ. भुकट्या नकोत. नुसतं चालू नका, वजनं उचला, जोर-बैठका काढा, म्हणजे खाल्लेलं अंगी लागेल. रात्री वेळेत झोपा. आणि सावकाश. महिने लागतील." सगळं भाऊजींना पटलं, फक्त 'सावकाश' सोडून.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. माझ्या अब्रूचा प्रश्न होता! सकाळी दूध-भाकरी खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. डबा परत आला तर मी शाळेत येऊन वर्गात बसून खायला घालीन अशी धमकी दिली. शिपाई म्हणे रोज मधल्या सुट्टीत दारात डोकावून जायचा, मी आलेय का ते बघायला. व्यायामाला घरात वजनं कुठली? भाऊजी माझा वरवंटा डोक्यावर धरून बैठका काढायचे. चटणी वाटायला घेतली की मला त्यांच्या बैठका संपायची वाट बघत पाट्यापाशी बसावं लागे. "अहो, द्या की," म्हटलं तर "दहा राहिल्या, वहिनी!" आणि सासूबाई सावद्याहून दर पंधरवड्याला गूळ-शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पाठवायच्या. त्या लाडवांची मात्र एक गंमत होती. कधी गोड मिट्ट, दात शिवशिवायचे, तर कधी अगदीच फिके. मी म्हणायची, वयामुळे हात बिघडला असेल. भाऊजींनी तर एकदा आईला तोंडावर सांगितलं, "आई, जरा चाखून बघत जा ना गं." सासूबाई म्हणाल्या, "बरं बाबा."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. आधी भाऊजींच्या मनगटावरचं घड्याळ घट्ट झालं. मग गालफडं भरली. शिंप्यानं नवीन सदऱ्याचं माप घेताना फीत पुन्हा लावून बघितली. दूधवाली अक्का एक दिवस त्यांच्याकडे बघून काहीच बोलली नाही, हे तर मला मोठं प्रशस्तिपत्रकच वाटलं. मी सासूबाईंना निरोप धाडला, की आता काटा उभा करा. पण भाऊजी? "अजून थोडं, वहिनी. आणखी एक वर्ष. असा बसेन, की गुळाचं दुकान रिकामं झालं पाहिजे." मी म्हटलं, "भाऊजी, मुली काही दुकानातल्या भेल्या नव्हेत, थांबून राहायला." हसले नुसते आणि वरवंटा उचलला.

होळीला सासूबाई धुळ्याला आल्या. पुरणपोळ्यांचा घाट घातला. पुरुष जेवून उठले, आणि आम्ही दोघी सासू-सुनांनी स्वयंपाकघरात पानं वाढून घेतली. मी त्यांच्या पानात पोळी वाढली, तर त्यांनी ती उचलून माझ्या पानात टाकली आणि सकाळची भाकरी दुधात कुस्करायला घेतली. "माह्यं पोट भरेल हाये, तू खा." माझ्या लक्षात आलं, की गेल्या होळीलाही त्यांचं पोट असंच भरलं होतं, आणि त्याच्या आदल्या पोळ्यालाही. मी घाबरले. म्हटलं, "आई, साखरेचा विकार तर नाही ना? डॉक्टरांना दाखवू उद्या."

सासूबाई हसल्या. "विकार कायचा गं बाई. गूळ सोडेल हाये मी."

"कधीपासून?"

"त्याचा ताप उतरला तव्हापासून. देवीले म्हटलं, तुह्या गूळ वाटीन तव्हाच माह्या तोंडात गूळ."

मी घास तसाच हातात धरून बसले. भाऊजी तेव्हा दुसरीत होते. आमच्या ह्यांना मिसरूडही फुटलं नसेल. तेव्हापासून या बाईनं किती होळ्यांना पुरण वाटलं, किती संक्रांतींना तिळगूळ वळला, घरादाराला वाढला, आणि कुणाच्या, अगदी कुणाच्याही लक्षात आलं नाही, की हिच्या स्वतःच्या पानात काय आहे! शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या पानात बघणार कोण? ह्यांनी नाही पाहिलं, सासरे होते तोवर त्यांनी नाही पाहिलं, आणि पुढ्यात बसून जेवणाऱ्या मीही नाही पाहिलं.

"मग ते लाडू?" मी विचारलं.

"हाताच्या अंदाजानं वळते. चाखता येत नाही ना." मग माझा हात दाबून म्हणाल्या, "त्याले सांगू नको हं. मनाले लावून घेईल, अन् चढेल वजन उतरून जाईल."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सासूबाईंना तोवर ठाऊक नसावं. भांडी घासायची तशीच टाकून मी मागल्या अंगणात गेले. जेवण जिरवायला भाऊजींच्या बैठका चालू होत्या, वरवंटा डोक्यावर. मी सगळं सांगून टाकलं. ते अर्ध्या बैठकीत तसेच थांबले. मग वरवंटा हळूच खाली ठेवला आणि पायरीवर बसले. म्हणाले, "आणि मी तिला चाखून बघ म्हणत होतो." उठले, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ आत गेले.

"आई, उद्या सावद्याला जायचं."

"कायले रे?"

"काट्यावर बसायला."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी फडताळात डबे शोधायला लागले. "अरे पण तू म्हणत होता ना, आणखी वजन..."

"जेवढं आहे तेवढं," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धुळवड. एस.टी. बदलत, खिडकीतून रंगाचं पाणी झेलत आम्ही सगळे सावद्याला पोचलो. भाऊजींच्या अंगात एकच बनियन आणि एकच सदरा, तोही रंगानं भिजून अंगाला चिकटलेला. काय असेल ते असेल, लपवायला काही ठेवलं नव्हतं. देवळासमोर बल्ल्या उभ्या राहिल्या. बातमी गावभर झाली. तो घड ठेवणारा चावट माणूस, आता चांगला टक्कल पडलेला, पहिल्या रांगेत येऊन बसला. भाऊजी पारड्यात बसले आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते; दहावीतलं पोर दिसत होतं मला ते. भेल्या पडायला लागल्या. चार पडल्या, काटा हलला नाही. पाच, सहा... काटा ढिम्म. लोक कुजबुजायला लागले. तो टकलू उठून जवळ आला, वाकून पारड्याखाली कुणी दगड तर ठेवला नाही ना, हे बघून गेला. आणखी भेल्या आल्या. एकदाचं पारडं डोललं, हललं, बरोबरीला आलं. ह्यांनी हात वर केला, "झालं, झालं!"

सासूबाई म्हणाल्या, "आणखी एक टाका."

"आई, काटा बरोबर झालाय!"

"देवीचं हाये. झुकतं माप द्या." आणि त्यांनी स्वतःच एक भेली उचलून, छातीशी धरून नेली आणि पारड्यात ठेवली.

भाऊजींचं पारडं वर गेलं. पाय लोंबकळले. गाव खो-खो हसलं. मला वाटलं, आता पुन्हा उडी मारतात की काय! भाऊजींनी डोळे उघडले, वरून सगळ्यांकडे पाहिलं, आणि इतके मोकळे हसले, की पारडं गदागदा हलायला लागलं आणि गड्यांना ते धरून ठेवावं लागलं.

देवीला नैवेद्य दाखवला. पहिला खडा भाऊजींनी आपल्या हातानं आईच्या तोंडात घातला. सगळ्या बायाबापड्या बघत होत्या. सासूबाईंनी तो खडा गालात धरला. "कसा लागतो गं?" भाऊजींनी विचारलं. त्या म्हणाल्या, "गोड." डोळ्यांना पदर लावला. गूळ गावभर वाटला गेला, टकल्यानं दोनदा घेतला. रात्री मागच्या ओसरीत पाणी पिता पिता सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "कसं सांगू गं, गिळवेना मले तो खडा. लई गोड. सवयच गेली." आणि दारात भाऊजी उभे होते. आपल्यालाही पाणी हवं होतं म्हणून आले होते. पाणी न पिताच परत गेले.

त्याच वैशाखात भाऊजींचं लग्न झालं. मुलगी त्यांनी एकाच बनियनवर पाहिली. पुढं ते जळगावला गेले, तिथंच स्थिरावले, आणि अंगानं अगदी बेतशीर, जसा माणूस असावा तसे राहिले. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. गूळ त्यांना शेवटपर्यंत चालला नाही. भाऊजी दर दिवाळीला भेली घेऊन जायचे आणि त्या त्यांच्यासाठी एवढासा तुकडा जिभेवर ठेवायच्या.

आता भाऊजींचा एक नवाच विक्षिप्तपणा झाला आहे. भाऊजी आमच्याकडे आले, की जेवून झाल्यावर पुरुषांबरोबर बाहेर जाऊन बसत नाहीत. आम्ही जावाजावा जेवायला बसलो, की हे पाट ओढून समोर बसतात आणि खुशाल आमच्या पानात बघत राहतात! "वहिनी, तुम्ही शेवभाजी घेतली नाही. का? आणि ही, हिनं भात का ठेवला? वहिनी, पापड? आवडत नाही की सोडलाय? नवस-बिवस नाही ना काही?" त्यांची बायको चिडते, म्हणते, लोक काय म्हणतील, बायकांच्या पानात डोकावणारा पुरुष कुणी पाहिलाय का! मीही चिडते. "भाऊजी, उठा इथून, घास अडकतो माझा," असं मी दर वेळी म्हणते. पण खरं सांगू? माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हजारो पानं मी वाढली असतील, आणि माझ्या पानात काय आहे, काय नाही, हे त्यांच्याशिवाय आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून मी तोंडानं रागावते आणि हातानं थोडी शेवभाजी वाढून घेते. त्यांना दिसेल अशी.